अंत्यविधीच्या जेवणात वाढलेली पेशी

२३ एप्रिल, दुपार

आदरणीय नणंदबाई (आणि नणंद होण्याआधी आठ वर्षं शाळेत शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण) आर्लिस हिला व्हर्नाचा नमस्कार.

ॲरिझोनाच्या उन्हात तुझी आणि डेलची प्रकृती ठणठणीत असेल असं धरून चालते. तुझा गुडघा, डेलचं कानातलं यंत्र आणि तुमच्या दारातला तो माणसाएवढा निवडुंग, या तिघांचीही चौकशी केली असं समज. इकडचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. एप्रिल संपत आला तरी उत्तरेच्या भिंतीला टेकलेला बर्फाचा ढीग जागचा हललेला नाही. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते उत्तम आहे, आणि माझ्या मते त्याला विचारतंय कोण. दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे. इतके दिवस का लिहिलं नाही ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि आपल्या गावच्या रिवाजाप्रमाणे ते दोघींनी कधीच बोलायचं नाही. (मी खाली बोलणार आहे. त्याबद्दल आत्ताच माफी मागून ठेवते, म्हणजे नंतर मागायला नको.)

तर बातमी अशी की मी शाळेत जाते. हसून घे, मी थांबते. सदुसष्टाव्या वर्षी, दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या तळघरात प्रौढांचे वर्ग भरतात तिथे. तुला आठवत असेल, सोळाव्या वर्षी बाबांची पाठ मोडली आणि मी शाळा सोडली. तू पुढची दोन वर्षं शिकलीस आणि शाळा पास झाल्याचा निळा झगा घालून स्टेजवर गेलीस. त्या संध्याकाळी मी एकवीस गाईंच्या धारा काढल्या. तक्रार नाही, गाई चांगल्या होत्या. पुढे जे शिकले ते वाचनालयातून शिकले. कादंबऱ्या संपल्यावर मधमाशा, मग रेल्वे, मग रशियाच्या राण्या, अशी कपाटामागून कपाटं वाचत गेले. फक्त माणसाच्या कातडीच्या आत काय असतं त्या कपाटाकडे कधी गेले नाही. तिथलं काही कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मग ऑरिनचं आजारपण सुरू झालं. शहरातल्या इस्पितळात त्या तरुण डॉक्टरने कागदी रुमालावर एक गोल काढला, गोलात एक ठिपका दिला आणि म्हणाला, "ही पेशी." मग भराभर बाण काढत पुढचं सगळं सांगितलं. ऑरिनने मान डोलावली, मीही डोलावली. गाडीत बसल्यावर ऑरिनने किल्ली फिरवली नाही. म्हणाला, "तुला कळलं काही?"

"तुला?"

"मला वाटलं तुला कळतंय, म्हणून मी मान हलवली."

"आणि मला वाटलं तुला."

दोघंही हसलो. सात महिन्यांनी तो गेला. ती मान डोलावलेली मला अजून मानेत दुखते. त्या दिवशी एकाने जरी म्हटलं असतं, "थांबा, ठिपका म्हणजे काय?" तर तो वाचला असता असं नाही. पण मला निदान कळलं असतं की माझा नवरा कशाने चालला आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला तेवढा हक्क असावा.

इस्पितळाने नंतर एक तपकिरी पाकीट पाठवलं. अकरा पानं. ते पावाच्या खणात ठेवलं आहे. एकदाच उघडलं, पहिल्या ओळीत सात शब्द होते, त्यातला एक कळला. ('पुरुष'.) डॉक्टरांना जाऊन विचारता आलं असतं, पण मी तिथे बसून पुन्हा मान डोलावली असती, मला माझी खात्री आहे. तेव्हा ठरवलं की आधी पेशी शिकायची, परीक्षा पास व्हायचं, आणि मगच ते पाकीट उघडायचं. बाकीचे विषय गेल्या वर्षीच सुटले. हा शेवटचा.

आणि त्या पाकिटात मला काय बघायचं आहे तेही सांगते. डॉक्टर म्हणाले होते, सख्ख्या भावंडाचा हाडांतला मज्जारस जुळला तर आशा आहे. ऑरिनला भावंड एकच. तुला गालाच्या आतून घासून पाठवायच्या कापसाच्या काड्यांची डबी पाठवली. पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मी ऑरिनला विचारलं, "आर्लिसने पाठवलं का ते?" तर तो उठला, गॅरेजमध्ये गेला आणि गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत बसला. मार्च महिन्यात, अंगणात गुडघाभर बर्फ असताना. तुला फोन केला तर तू वीस मिनिटं ॲरिझोनातल्या वाऱ्याबद्दल बोललीस. आणि पुढच्याच आठवड्यात तुझ्याकडून पेटी आली. पपनसं. चाळीस. डॉक्टरांनी ऑरिनला सगळ्या जगातलं एकच फळ मना केलं होतं, औषधांना मारतं म्हणून, ते पपनस. जो रस मागितला तो नाही, पण हा मात्र चाळीस फळं भरून, असं मी तेव्हा मनात म्हटलं. (मनात म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघरात, पाच बायकांसमोर.) तू काड्या पाठवल्या नाहीस असं मी दोन वर्षं समजून चालले आहे. त्या अकरा पानांत कुठेतरी ते लिहिलेलं असणार. नाव नसेल, आकडे नि अक्षरं असतील. ती ओळखता यावीत म्हणून मी शिकते आहे. झालं, बोलले. आता गंमत ऐक.

आमची शिक्षिका हिबो. गावात येऊन राहिलेल्या सोमाली कुटुंबांपैकी, पण वाढली इथेच, बर्फात आपल्यापेक्षा बरी गाडी चालवते. तिने सांगितलं की प्रत्येकाने एक पेशी बनवून आणायची, खायच्या वस्तूंची, आणि तिच्यातला कुठला भाग काय काम करतो ते उभं राहून सांगायचं. तिसरा हिस्सा गुण त्यालाच. माझ्या शेजारी बसणाऱ्या रोसेंडोने (टर्कीच्या मांसाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली आहेत, लेकीच्या आधी पास व्हायची पैज लावली आहे) प्राण्याची पेशी घेतली. मी वनस्पतीची. आता आपल्या गावच्या बाईला एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूत अधांतरी बसवून दाखव म्हटलं तर ती काय करेल? मी काचेचं मोठं चौकोनी भांडं काढलं आणि लिंबाच्या हिरव्या जेलीची चार पाकिटं फोडली.

खूप जीव लावून केलं, आर्लिस. कडेने सेलरीच्या दांड्या उभ्या लावल्या, ती पेशीभित्तिका. तिला आतून चीजचा पातळ हात दिला, ते पटल. पेशीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते हेच ठरवतं, भिंत नुसती उभी असते. उकडलेलं अख्खं बीट, ते केंद्रक. काय करायचं, कधी करायचं, सगळे हुकूम तिथून सुटतात. लसान्याच्या रुंद शेवया दुमडून त्याच्याभोवती घातल्या आणि त्यांवर खसखस पेरली. त्या दाण्यांवर प्रथिनं तयार होतात आणि शेवयांमधून पुढे जातात. तयार झालेला माल बांधून पत्ते घालणारा गॉल्गी पिंड म्हणून हॅमच्या घड्या. ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका म्हणून राजमा (आकार हुबेहूब, हिबोच्या पुस्तकाशी ताडून बघितला). उन्हापासून अन्न शिजवणारी हरितलवकं म्हणजे मटार. आणि मधोमध, निम्मी पेशी अडवून बसलेली रिक्तिका. पाणी, साखर, नको ते, हवं ते, सगळं साठवून ठेवायची कोठी. तिच्यासाठी एवढं मोठं रसाळ काय घ्यावं हे सुचेना. शेवटी तळघरात तुझ्या नाताळच्या पेटीतलं शेवटचं पपनस सापडलं. साल सुरकुतली होती, आत मात्र रस भरलेला. (दर नाताळात तू पाठवतेस, दर नाताळात मी चर्चला देते. हे एक कोपऱ्यात घरंगळलं होतं.) सोलून, अर्धं कापून, मधोमध बसवलं. नावांच्या चिठ्ठ्या टोचायच्या काड्यांना लावून पर्समध्ये ठेवल्या. जेलीत आधीच टोचल्या तर शाई फुटते.

पेशी वर्गात न्यायची त्याच मंगळवारी सकाळी अकराला क्लिफर्डचा अंत्यविधी होता. आपला क्लिफर्ड, धान्याच्या कोठारावरचा, ज्याने तुझ्या लग्नात उलटा ॲकॉर्डियन वाजवला. मी म्हटलं, गाडीची एकच फेरी करावी. सकाळी भांडं चर्चच्या फ्रिजमध्ये ठेवायचं, विधीला बसायचं, संध्याकाळी वर्गाच्या वेळी काढून घ्यायचं. उजवीकडच्या फ्रिजमध्ये ठेवलं. तीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात राबले आहे, तिथला कायदा मला कोणी शिकवायला नको. डावा फ्रिज मयताच्या जेवणाचा, उजवा बाकी सगळ्यांचा. पण ऑरिनच्या अंत्यविधीच्या जेवणानंतर मी त्या स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता, आणि या दोन वर्षांत त्यांनी फ्रिज बदलले. उजवा मयताचा केला. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

क्लिफर्डला पुरून आम्ही खाली जेवायला आलो. (पुरला म्हणजे नावालाच, जमीन अजून गोठलेली आहे, खरं पुरणं मेमध्ये.) लोण्याचे बन, हॅम, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, कॉफी, सगळं जिथल्या तिथे. मी कडेच्या टेबलावर बसले आणि समोरून स्वयंपाकघर सांभाळणारी लव्हॉन माझी पेशी दोन्ही हातांत धरून येताना दिसली. मोठा चमचा आधीच खुपसलेला होता, भित्तिका एका बाजूने फुटली होती. मी उठले, तोंड उघडलं, पण लव्हॉनने भांडं टेबलावर ठेवून मला मिठीच मारली. लव्हॉनने! जिने स्वतःच्या मुलाशी तो लष्करातून आल्यावर नुसता हात मिळवला होता!

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "व्हर्ना स्वतः आत यायची नाही, पण सॅलड ठेवून जाईल. भांड्याखाली तुझ्या नावाची पट्टी बघितली आणि मला रडूच आलं बाई."

आता सांग, अशा बाईला काय म्हणायचं? की बाई, हा माझा गृहपाठ आहे? मी खाली बसले. त्यात लसान्या, बीट, मटार आणि हॅम एका जेलीत आहे हे कोणालाही खटकलं नाही. आपल्याकडे हिरव्या जेलीत गोठलेली वस्तू दिसली की माणूस ती सॅलड म्हणून वाढून घेतो, जेलीत घड्याळ घातलं असतं तरी त्यांनी चावलं असतं. पाद्रीबुवांच्या ताटात अर्धं केंद्रक गेलं. ते म्हणाले, "हे लाल फार छान लागतंय, व्हर्ना. काय म्हणतात याला?"

"केंद्रक," मी म्हटलं. माझ्यात आता खोटं बोलायची ताकद नव्हती.

"आपल्या पूर्वजांच्या नॉर्वेचं का?"

"सगळीकडचं," मी म्हटलं, आणि त्यांनी उरलेलं अर्धंही घेतलं.

एक एक करून सगळं गेलं. कोठारावरच्या माणसांनी तंतुकणिका निवडून खाल्ल्या, ते बरोबरच, कष्टाची माणसं. क्लिफर्डच्या वकील पुतण्याने हरितलवकं बाजूला काढून ताटाच्या कडेला रांगेत लावली. ज्यांना उभं राहायला आधार लागतो अशा दोन म्हाताऱ्यांनी भित्तिका कुरतडली. मी जागच्या जागी बसून बघत होते. तीन दिवसांची मेहनत, तिसरा हिस्सा गुण, पावाच्या खणातलं पाकीट, सगळं कागदी ताटल्यांतून चाललं होतं. आणि हॉलभर सगळे जण क्लिफर्ड सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत होते. पेरणी, रस्त्यातले खड्डे, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं. तो कशाने गेला ते कोणी उच्चारलं नाही. ऑरिनच्या वेळीही असंच होतं, पण तेव्हा मी मधल्या खुर्चीत होते आणि सगळे मला ऊन किती छान पडलंय ते सांगत होते.

मधल्या खुर्चीत या वेळी मार्डेल होती, क्लिफर्डची बायको. तिच्यासमोर ताट होतं, हात मांडीवर. लव्हॉनने तिला म्हटलं, "दोन घास तरी." मार्डेलने माझ्या भांड्यातून चमचाभर घेतलं. पपनसाचा तुकडा आला असावा. मग तिने पुन्हा घेतलं. मग भांडंच स्वतःकडे ओढलं आणि सगळ्या हॉलसमोर, चमच्याने, निम्मी रिक्तिका खाल्ली. माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हर्ना, हे गिळलं जातंय. शुक्रवारपासून पाणीसुद्धा अडकत होतं. हे कसलं?"

"पपनस."

"कुठून आणलंस?"

"ऑरिनच्या बहिणीने पाठवलेलं."

"आर्लिस होय," मार्डेल म्हणाली. "भली आहे ग ती." मी बनचा मोठा घास घेतला. (तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.) पण उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि विचारलं, "क्लिफर्डला शेवटी फार त्रास झाला का?" तिच्या हातातला चमचा थांबला. आजूबाजूच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या. मला वाटलं, झालं, आता ही उठून जाईल. ती उठली नाही. अर्धा तास बोलली. फुप्फुसापासून सुरुवात करून पार त्याच्या मोज्यांपर्यंत. हॉल रिकामा झाला तरी बोलत होती. जाताना तिने त्या सॅलडची कृती मागितली.

संध्याकाळी मी वर्गात धुतलेलं रिकामं भांडं घेऊन गेले. (आपल्या बायका खाल्लेलं भांडं कधी खरकटं परत करत नाहीत. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता, माझी पेशी कधी अस्तित्वात होती याचा पुरावा म्हणून खाली नावाची पट्टी तेवढी.) रोसेंडोची पेशी म्हणजे तोर्तियाची मोठी गोल पोळी, तिच्यावर घेवड्याचा लगदा आणि मधोमध ऑलिव्ह. माझं भांडं बघून तो कुजबुजला, "बाई, माझ्यातली अर्धी घ्या. कडेने भिंत घाला की झालं झाड."

"मटार कुठून आणू?"

"मिरच्या आहेत ना. हिरवं ते हिरवं."

हिबोने माझं नाव पुकारलं. म्हणाली, "व्हर्नाबाई, पेशी?"

"खाल्ली."

"तुम्ही?"

"शोकाकुल मंडळींनी."

ती हसली नाही, तिचे ओठ मात्र हलले. म्हणाली, "मी तशीही खाल्ली नसती, आपल्याकडच्या जेलीत डुकराचं असतं. या गावात तुमच्या पेशीकडे नुसती पेशी म्हणून बघू शकणारी मी एकटीच, आणि मलाच ती बघायला मिळाली नाही." मग म्हणाली, "असं करा, कोणी काय खाल्लं ते सांगा. आणि त्याने काय खाल्लं म्हणजे पेशीचं काय गेलं, तेही सांगा."

मी चिठ्ठ्या पर्समधून काढून रिकाम्या काचेवर एकेक ठेवत गेले आणि वीस मिनिटं बोलले. पाद्रीबुवांनी केंद्रक नेलं तेव्हा पेशीचे हुकूम थांबले, आता उरलेलं चालतं ते सवयीवर. कोठारवाल्यांनी तंतुकणिका नेल्या, ऊर्जा संपली. पुतण्याने हरितलवकं खाल्ली नाहीत पण पेशीतून उचलली, म्हणजे ऊन आहे आणि शिजवणारं कोणी नाही. रोसेंडो टाळ्या वाजवत होता. मग हिबोने विचारलं, "भित्तिका नसती तर?" मी म्हटलं, पाणी आत शिरून पेशी फुगली असती आणि फुटली असती. भिंत आहे म्हणून झाड ताठ उभं राहतं. "मग प्राण्यांना का नाही?" मी म्हटलं, त्यांना हलायचं असतं. रक्तातल्या पेशी अंगभर फिरतात, जिथे जखम तिथे धावतात, ते भिंत घेऊन जमणार नाही. भिंत असली की उभं राहता येतं, कोणाकडे जाता येत नाही. आणि एवढं म्हणून मी थांबले, कारण मला ऑरिनच्या त्या पांढऱ्या पेशी आठवल्या. त्यांना भिंत नव्हती, फिरता येत होतं, पण मोठं होता येत नव्हतं. अर्धकच्च्या, निरुपयोगी, मरायचंही विसरलेल्या, नुसत्या वाढत राहिलेल्या. कागदी रुमालावर तेवढंच सांगायचं होतं त्या पोराला. मला दोन वर्षं लागली.

त्या गुरुवारी लेखी परीक्षाही झाली. निकाल पुढच्या आठवड्यात. पास झाले तर पाकीट उघडीन. नापास झाले तर पुन्हा बसेन, पाकीट कुठे पळून जात नाही, ऑरिनही नाही.

डेलला नमस्कार सांग. निवडुंगाला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझी,
व्हर्ना

ता. क. पत्राचं खरं कारण वर राहूनच गेलं. ऑरिनच्या जेवणानंतर उरलेले बटाटे तू माझ्या काचेच्या भांड्यात घालून वाटेत खायला नेलेस. ते परत आलेलं नाही. लग्नात मिळालेली जोडी होती, एक माझ्याकडे, एक ॲरिझोनात. खाली माझ्या नावाची पट्टी आहे, तू बघितली असणार. मला ते परत हवं आहे. एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा, २ मे. पत्र टाकायचं राहिलं होतं, बरं झालं किंवा वाईट. एक्क्याऐंशी गुण. रोसेंडोला चौऱ्याऐंशी, लेक त्याच्याशी बोलत नाही. काल दुपारी न्याहारीच्या टेबलावर पाकीट उघडलं आणि पुस्तक शेजारी घेऊन अकरा पानं वाचली. पाचव्या पानापर्यंत ऑरिन होता, मला तो ओळखू आला. सातव्या पानावर तीन ओळी आहेत. भावंड एक, बहीण. नमुना मिळाला, ३ मार्च. खाली अक्षरांच्या दोन रांगा, एक त्याची, एक दुसरी, मी बोट ठेवून ताडल्या. पहिली जोडी वेगळी, दुसरी वेगळी, पुढची वेगळी. जुळत नाही.

म्हणजे तू पाठवलं होतंस.

हिबोने समजावलं होतं, प्रत्येक मुलाला आईकडून अर्धा वाटा आणि बापाकडून अर्धा. दोन भावंडं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. यात तुझा दोष नाही, ऑरिनचा नाही, तुमच्या आईबापांचाही नाही. दोष नसलेल्या माणसावर रागवायचं नाही असं माझं मी समजत होते, म्हणून आधी दोष तुझ्या माथी मारला आणि मग दोन वर्षं तुझ्यावर रागावले. ऑरिनला माहीत होतं. तो पातं घासत बसला. का सांगितलं नाही त्याने? माझ्यापाशी रागवायला कोणीतरी असावं म्हणून, की तुला 'न जुळलेली' कोणी म्हणू नये म्हणून, की नुसतंच आपल्या गावचा म्हणून? आता त्याच्यावर रागवायला गेले तर तो नाही. आणि तूही सांगितलं नाहीस, वाऱ्याबद्दल बोललीस. मीही ऑरिनला एकदाच विचारलं, तुला कधी विचारलंच नाही. तिघंही आपापल्या भिंतींत ताठ उभे.

ती पेटी मार्चमध्ये आली होती. मार्चमध्ये कोणी पपनसं पाठवत नाही, तू दर वर्षी नाताळातच पाठवतेस. हे माझ्या डोक्यात काल आलं. जुळत नाही हे तुला त्याच आठवड्यात कळलं असणार. देता येण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा जे हाताशी होतं ते तू चाळीस भरून पाठवलंस. डॉक्टरांनी काय मना केलं होतं ते तुला कोणी कळवलं होतं? मी नाही.

लव्हॉनला आणि बाकीच्या चार जणींना फोन करून सांगितलं की मी चुकले होते. लव्हॉन म्हणाली, "होय का? बरं," आणि पावसावर गेली. उरलेल्या तिघींनीही तेच. मार्डेल मात्र म्हणाली, "मी म्हटलं होतं ना." पत्र फाडून नवं लिहिणार होते. फाडलं नाही. वरचं सगळं मी खरंच समजत होते, ते तुला वाचायला मिळावं. आगाऊ मागितलेली माफी वर आहे. ती पुरणार नाही.

ता. क. तिसरा. १४ जूनला शाळेच्या हॉलमध्ये समारंभ आहे. निळा झगा मलाही मिळणार, रोसेंडो मापं घेतो आहे. प्रत्येकाला पाहुण्यांच्या दोन खुर्च्या देतात. एक मार्डेलला दिली, तिला बाहेर पडायला निमित्त हवं आहे. दुसरी रिकामी आहे. तुला बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, या वेळी मी विचारीन.

भांडं पोस्टाने पाठवू नकोस. काचेचं आहे, वाटेत फुटेल. स्वतः घेऊन ये.